५९.९४ चं गौडबंगाल

विंडोजच्या डिस्प्ले सेटिंग्जमध्ये आत आत शिरत गेलं की रिफ्रेश रेटची एक यादी सापडते. तिच्यात ६० हर्ट्झ असतं, आणि पुष्कळ मशीन्सवर त्याच्या शेजारीच ५९.९४ हर्ट्झही असतं. साठ समजू शकतं. पण ५९.९४? वाण्याने साठ रुपयांतून सहा पैसे कापून ठेवावेत तसा हा आकडा. कोणी कापले, कधी कापले आणि मुख्य म्हणजे का कापले?

जुन्या कोडमध्ये असा विनाकारण वाटणारा आकडा दिसला की मी त्याला लगेच हात लावत नाही. कारण अनुभव असा की विनाकारण आकडा जवळजवळ कधीच नसतो. कोणीतरी, कधीतरी, एखाद्या अडचणीतून वाट काढताना तो टाकलेला असतो. अडचण गेली, माणूस नोकरी सोडून गेला, आकडा राहिला. पडद्यांचंही अगदी तसंच आहे. ६४०×४८०, १०२४×७६८, १३६६×७६८, १९२०×१०८०, ३८४०×२१६०... हे सगळे आकडे माणसाच्या डोळ्याकडे बघून कोणी शांतपणे ठरवले असतील असा आपला समज असतो. तसं काही नाही. यातला प्रत्येक आकडा आधीच्या कुठल्यातरी आकड्याच्या पोटातून निघालेला आहे.

जाहिरातीत मात्र हेच आकडे दर्जाचं मोजमाप म्हणून येतात. लॅपटॉप घेताना, टीव्ही घेताना आपण त्यांच्यावर हजारो रुपये लावतो. तेव्हा त्यांचं कुळ एकदा शोधायला हरकत नाही. गोष्ट जरा लांबची आहे, चहा घेऊन बसा.

तर, जुन्या डबा टीव्हीत पिक्सेल नावाची गोष्टच नव्हती. काचेच्या नळीत मागून इलेक्ट्रॉनचा झोत यायचा आणि पडद्याच्या आतल्या लेपावर डावीकडून उजवीकडे, एकाखाली एक रेषा ओढत जायचा. आपण वहीत ओळी लिहितो तसं. तळाशी पोचला की परत वर. त्यामुळे पहिला प्रश्न असायचा तो हा की रेषा किती?

२ नोव्हेंबर १९३६ ला लंडनच्या अलेक्झांड्रा पॅलेसमधून बीबीसीने नियमित टीव्ही प्रसारण सुरू केलं तेव्हा या प्रश्नाची दोन उत्तरं स्पर्धेत होती. जॉन लोगी बेअर्डची २४० रेषांची पद्धत आणि मार्कोनी-ईएमआयची ४०५ रेषांची. दोघांना आळीपाळीने एकेक आठवडा दिला होता! फेब्रुवारी १९३७ मध्ये बेअर्डची पद्धत बंद झाली आणि ४०५ राहिली. पुढे १९४१ मध्ये अमेरिकेने ५२५ रेषा ठरवल्या. महायुद्धानंतर युरोपातल्या बहुतेक देशांनी ६२५.

आता शाळेतल्यासारखे या आकड्यांचे अवयव पाडा.

४०५ = ३×३×३×३×५
५२५ = ३×५×५×७
६२५ = ५×५×५×५

सगळे विषम आणि सगळ्यांचे अवयव चिमुकले. हा योगायोग नाही.

आधी विषम का ते बघू. सेकंदाला पूर्ण चित्र पंचवीस-तीस वेळा काढलं तर डोळ्याला लुकलुक जाणवते. पन्नास-साठ वेळा काढावं तर तेवढा सिग्नल हवेतून पाठवायला जागा नाही. म्हणून युक्ती अशी केली की आधी १, ३, ५, ७ अशा रेषा काढायच्या आणि मग परत वर येऊन मधल्या २, ४, ६. दोन अर्धी चित्रं मिळून एक पूर्ण. एकूण रेषा विषम असल्या की पहिलं अर्धचित्र बरोबर अर्ध्या रेषेवर संपतं आणि दुसऱ्याच्या रेषा आपोआप पहिल्याच्या फटींत बसतात. वेगळी काही यंत्रणा लावायला नको.

आता चिमुकले अवयव का? रेषांचा वेग आणि चित्रांचा वेग एकमेकांना घट्ट बांधलेले हवेत. त्यासाठी एकच मूळ ठोका घ्यायचा आणि त्याला भागत भागत खाली यायचं. भागाकार करणारं सर्किट व्हॉल्व्हचं. तीनने, पाचने, सातने भागायला सांगितलं तर ते इमानदारीत भागायचं, पण मोठ्या आकड्याने भागायला सांगितलं की तापल्यावर गडबडायचं. म्हणून लहान लहान अवयवांची साखळी. ६२५ म्हणजे चार पायऱ्या आणि दर पायरीला पाच. झालं काम!

आणि सेकंदाला किती अर्धचित्रं? तर अमेरिकेत घरातली वीज ६० हर्ट्झची म्हणून ६०, युरोपात ५० ची म्हणून ५०. विजेची गुणगुण चित्रात घुसली तरी तिचा पट्टा जवळजवळ एका जागी राहतो, पडद्यावरून सरकत जात नाही. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे आपण ६२५ वाल्यांच्या पंगतीत बसलो. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई दूरदर्शन सुरू झालं, १९८२ च्या एशियाडच्या वर्षी रंग आले, पण रेषा त्याच ६२५. त्यातल्या पडद्यावर दिसणाऱ्या ५७६. उरलेल्या ४९ रेषांच्या वेळात तो झोत तळातून वर परतायचा. हा ‘परतीचा वेळ’ लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

आता आपले सहा पैसे. अमेरिकेत १९५३ मध्ये रंगीत टीव्हीची पद्धत मंजूर झाली. पण घराघरांत काळे-पांढरे टीव्ही होते, ते एका रात्रीत भंगारात काढून चालणार नव्हतं. म्हणून रंगाची माहिती जुन्याच सिग्नलच्या पोटात एका नव्या लहरीवर बसवली. ही रंगाची लहर आणि ४.५ मेगाहर्ट्झवर असलेली आवाजाची लहर एकमेकींत मिसळून पडद्यावर ठिपक्यांची जाळी उमटू शकत होती. ती दबून जावी म्हणून हिशोब असा केला की आवाजाच्या लहरीचे बरोबर २८६ भाग करायचे आणि तोच रेषांचा वेग धरायचा. ४५,००,००० भागिले २८६ म्हणजे १५,७३४.२७. आधी हा वेग १५,७५० होता. नव्या वेगाला ५२५ ने भागा, सेकंदाला २९.९७ चित्रं येतात, म्हणजेच ५९.९४ अर्धचित्रं. आवाजाची लहर हलवली असती तर आधीच्या टीव्हींची पंचाईत झाली असती, म्हणून चित्राचा वेग साधारण हजारात एकाने कमी केला. कोणाला कळलंसुद्धा नाही. असे कापले गेले सहा पैसे.

बरं, हे झालं अमेरिकेतल्या टीव्हीचं दुखणं. ते पुण्यातल्या माझ्या मशीनवर कसं आलं? आमच्या भिंतीतली वीज तर ५० हर्ट्झची आहे.

त्यासाठी १९८१ सालात यावं लागतं. आयबीएमने पहिला पीसी काढला तेव्हा त्याचं चित्र घरातल्या टीव्हीवरही दाखवता यावं अशी सोय ठेवली होती. त्यामुळे आत ठोके देणारा क्रिस्टल घेतला तोच मुळी अमेरिकन टीव्हीचा, १४.३१८ मेगाहर्ट्झचा. हा आकडा म्हणजे त्या रंगाच्या लहरीची चौपट. त्याला तीनने भागून प्रोसेसरला दिलं, म्हणून पहिला पीसी ४.७७ मेगाहर्ट्झवर चालायचा. बाराने भागून टायमरला दिलं, म्हणून डॉसमधलं घड्याळ सेकंदाला १८.२ वेळा टिकटिक करायचं. डॉसवर हात काळे केलेल्यांना हा १८.२ नक्की आठवत असेल. तो आला १९५३ च्या रंगीत टीव्हीतून!

त्याच पीसीच्या रंगीत कार्डावरचे आकडे बघा. अक्षरांच्या ८० उभ्या रांगा, आणि हे ८० आले आयबीएमच्या १९२८ च्या पंचकार्डावरून, ज्यावर ८० खाने असायचे. एक अक्षर ८×८ ठिपक्यांच्या खणात. ८० गुणिले ८ म्हणजे ६४०. आडव्या ओळी २५, गुणिले ८ म्हणजे २००. रंगीत ग्राफिक्स हवे असतील तर ३२०×२००, प्रत्येक पिक्सेलला २ बिट. गुणाकार करून बघा, बरोबर १६,००० बाइट होतात. आणि कार्डावर मेमरी किती? १६ केबी, म्हणजे १६,३८४ बाइट. पडद्यावर किती दिसणार हे मेमरीच्या चिपच्या किमतीने ठरवलं.

मग १९८७ मध्ये आयबीएमनेच व्हीजीए काढलं. ६४०×४८०. ६४० वर सांगितलं तेच. ४८० हे ४:३ च्या पडद्यावर पिक्सेल नीट चौरस येतात म्हणून. (ही ४:३ ची चौकटसुद्धा वारशाने आलेली, १८९० च्या दशकात एडिसनच्या प्रयोगशाळेत विल्यम डिक्सनने सिनेमाच्या ३५ मिलिमीटर फिल्मवर आखलेली.) पण खरी गंमत पडद्यावर दिसत नाही, केबलमध्ये आहे. झोताला परतायला वेळ द्यायचा म्हणून व्हीजीएचा सिग्नल ६४०×४८० नसून ८००×५२५ चा असतो. ५२५! आणि सेकंदाला ५९.९४ वेळा. म्हणजे व्हॉल्व्हच्या साखळीने ठरवलेल्या १९४१ च्या रेषा आणि १९५३ चे कापलेले सहा पैसे, दोन्ही गुपचूप संगणकात शिरले. आपल्याकडे जे लाखो मॉनिटर आले ते ६४०×४८० वर असले की पन्नास हर्ट्झच्या विजेवर लागूनही अमेरिकन टीव्हीच्या चालीने लुकलुकायचे.

पुढचे आकडे बराच काळ मेमरीच्या मापाने कापलेल्या कपड्यांसारखे आले. ८००×६००, सोळा रंग, म्हणजे २,४०,००० बाइट, २५६ केबीत जेमतेम मावणारे. १०२४×७६८, २५६ रंग, म्हणजे नेमके ७६८ केबी, एक एमबीच्या कार्डात आरामात बसणारे. ‘डूम’सारखे गेम ३२०×२०० वर चालायचे, कारण ते होतात ६४,००० बाइट आणि जुन्या प्रोसेसरचा एक सेगमेंट ६५,५३६ चा. सायबर कॅफेच्या जमान्यात वेबसाइटच्या तळाशी ‘८००×६०० मध्ये उत्तम दिसेल’ अशी पाटी असायची, आठवते? ती पाटी खरं म्हणजे एका चिपच्या आकाराची पाटी होती.

आता टीव्हीच्या घराण्याकडे परत जाऊ. १९८२ मध्ये जगभरच्या टीव्ही इंजिनिअरांनी एक फार शहाणपणाचं काम केलं. टीव्हीचं चित्र डिजिटल करायचं तर सेकंदाला किती नमुने घ्यायचे? अमेरिकेची ५२५ ची पद्धत एकीकडे, आपली आणि युरोपची ६२५ ची दुसरीकडे. त्यांनी दोन्ही रेषांच्या वेगांचा चक्क लसावि काढला! तो येतो २.२५ मेगाहर्ट्झ. त्याची सहापट म्हणजे १३.५ मेगाहर्ट्झ, आणि हाच वेग दोघांसाठी ठरला. त्यातून दोन्हीकडे दर रेषेत ७२० पिक्सेल आले. आपल्या डीव्हीडीचं ७२०×५७६ आणि अमेरिकन डीव्हीडीचं ७२०×४८० हे इथलंच.

आता हा १३.५ धरून पुढे चला. जपानच्या एनएचकेने १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर पुढच्या पिढीच्या टीव्हीवर संशोधन सुरू केलं होतं. त्यांनी रेषा धरल्या ११२५. अवयव पाडायची आता सवय झाली असेल, ३×३×५×५×५. ५२५ शी त्याचं गुणोत्तर १५:७, ६२५ शी ९:५. दोन्ही जुन्या पद्धतींशी सोयरीक जमेल असा आकडा. त्याच सुमारास पडद्याची चौकट रुंद झाली. १९८० च्या दशकात कर्न्स पॉवर्स नावाच्या इंजिनिअरने ४:३ पासून सिनेमास्कोपपर्यंतच्या सगळ्या चौकटी सारख्या क्षेत्रफळाच्या कापून एकमेकींवर ठेवल्या आणि सगळ्यांना सामावणारी मधली चौकट शोधली. ती आली १६:९. कुठल्याही एका सिनेमाला ती नेमकी बसत नाही, पण सगळ्यांना थोडीथोडी बसते. सरकारी क्वार्टरसारखी!

मग हिशोब सोपा झाला. ७२० ची दुप्पट १४४०. चौकट ४/३ ने रुंद झाली म्हणून १९२०. चौरस पिक्सेल हवेत म्हणून १९२० भागिले १६ गुणिले ९, बरोबर १०८०. हे आपलं फुल एचडी. आणि आजही एचडीएमआयच्या केबलमधून १९२०×१०८० चं चित्र सेकंदाला ६० वेळा जातं तेव्हा प्रत्यक्षात सिग्नल २२००×११२५ चा असतो. एनएचकेचे ११२५ शाबूत! गुणाकार केला तर १४८.५ मेगाहर्ट्झ, म्हणजे १३.५ ची बरोबर अकरापट. फोर के, सेकंदाला ६० वेळा, ५९४ मेगाहर्ट्झ म्हणजे चव्वेचाळीसपट. भिंतीवर टांगलेल्या पातळ टीव्हीत कुठलाही झोत नाही आणि त्याला कुठेही परतायचं नाही. तरी परतीचा वेळ ठेवलेलाच आहे. फरक एवढाच की एचडीएमआयने त्या रिकाम्या वेळात आवाज पाठवायची सोय केली. रिकाम्या परतणाऱ्या टेम्पोत कोणीतरी माल भरून द्यावा तसं.

इथपर्यंत सगळं मौजेचं. आता जिथे हे आकडे आपल्या खिशाला आणि डोळ्यांना लागतात तिथे येऊ.

डब्यात पिक्सेल नव्हते म्हणून त्याला कुठलंही रेझोल्यूशन द्या, तो सांभाळून घ्यायचा. एलसीडी आली आणि पडद्यावर ठिपक्यांची कायमची जाळी बसली. जाळीला जुळणारं चित्र आलं तर लख्ख, नाही आलं तर मधले ठिपके अंदाजाने भरायचे आणि सगळं थोडं धूसर. अशा वेळी बाजारात आला १३६६×७६८. हे ७६८ जुन्या १०२४×७६८ चे. तेवढीच उंची ठेवून १६:९ करायचं तर रुंदी येते १३६५.३३. ती ओढून १३६६ केली. हा आकडा आठने भागला जात नाही आणि मॉनिटर आपली ओळख ज्या नोंदीत संगणकाला सांगतो तिच्या छोट्या रकान्यात आठच्या पटीतलीच रुंदी मावते. म्हणून तर काही टीव्ही व्हीजीए केबलने जोडले की यादीत १३६० किंवा १३६८ दिसायचे. शिवाय ‘एचडी रेडी’ म्हणून हे पॅनेल टीव्हीत बसवले. प्रसारण असतं ७२० किंवा १०८० रेषांचं, पॅनेल ७६८ चं. म्हणजे एकही चित्र त्याच्या जाळीत जसंच्या तसं बसत नाही. प्रत्येक वेळी ताणा नाहीतर आवळा.

लॅपटॉपमध्ये तर जास्तच मजा झाली. साधारण २००८ पर्यंत चांगले लॅपटॉप १६:१० चे असायचे, १२८०×८०० किंवा १९२०×१२००. मग दोन-तीन वर्षांत जवळजवळ सगळे १६:९ झाले, कारण पॅनेलच्या कारखान्यांना टीव्ही आणि लॅपटॉप एकाच चौकटीत कापणं सोयीचं. बारा इंची वहीच्या जागी आखूड वही मिळावी तसं आम्हा कोड लिहिणाऱ्यांचं झालं. आणि वर जाहिरातीत ‘आता १५.४ ऐवजी १५.६ इंच!’ कर्ण वाढला हे खरं. पण क्षेत्रफळ काढून बघा. १६:१० चा १५.४ इंची पडदा भरतो १०६.६ चौरस इंच. १६:९ चा १५.६ इंची भरतो १०४. इंच वाढले आणि पडदा घटला. पायथागोरसाच्या नावाने विकलेला माल! १६:१० आणि ३:२ चे लॅपटॉप पुन्हा सर्रास दिसायला जवळजवळ दहा वर्षं जावी लागली.

मग डोळ्याला खरंच किती लागतं? चांगल्या नजरेचा माणूस साधारण एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखू शकतो. काहींची नजर त्याहून तीक्ष्ण असते, पण अंदाजाला हे पुरे. हिशोबासाठी एवढंच ध्यानात ठेवा की पिक्सेलच्या रुंदीच्या सुमारे ३,४३८ पट अंतराच्या पलीकडे गेलात की दोन पिक्सेल वेगळे दिसत नाहीत. २०१० मध्ये आयफोन ४ ने इंचाला ३२६ पिक्सेल दिले ते याच हिशोबावर. फोन डोळ्यांपासून दहा-अकरा इंचांवर धरला तर तेवढे लागतातच.

हाच हिशोब घरी लावू. ३२ इंची ‘एचडी रेडी’ टीव्ही, अंतर सुमारे सहा फूट. ४३ इंची फुल एचडी, साडेपाच फुटांच्या आसपास. ५५ इंची फुल एचडी, सात फुटांच्या थोडं पुढे. ५५ इंची फोर के, साडेतीन फूट! याहून लांब बसलात तर जास्तीचे पिक्सेल पडद्यावर असतात पण डोळ्यापर्यंत पोचत नाहीत. आता आपल्या हॉलमध्ये सोफा भिंतीपासून आठ-नऊ फुटांवर असतो. ३२ इंची टीव्हीत फुल एचडीसाठी जास्तीचे पैसे द्यायचे तर नऊ फुटांवरून ते कोणाला दिसणार? मोठ्या टीव्हीत आता बहुतेक फोर केच मिळतो, तो घ्या, पण रंग आणि उजेड बघून घ्या. आणि कोणी आठ के विकायला आला तर त्याला आधी सोफ्यावर बसवा.

आता लॅपटॉप. आपण त्याच्यापासून वीस इंचांवर बसतो. तिथे इंचाला १७२ पिक्सेल लागतात. १५.६ इंची १३६६×७६८ मध्ये आहेत १००. फुल एचडीमध्ये १४१. म्हणजे टीव्हीवर डोळ्याला पुरून उरणारं रेझोल्यूशन लॅपटॉपवर कमी पडतं. आणि तास मोजले तर? टीव्ही दिवसाला एखाद-दोन तास, लॅपटॉप आठ-दहा.

त्यातून आपण मराठी वाचणारी माणसं. रोमन अक्षराला खालीवर फारशी भानगड नसते. आपल्या अक्षराला शिरोरेघ, तिच्यावर वेलांट्या, मात्रा, अनुस्वार, रफार, खाली उकार, पोटात जोडाक्षर. ‘राष्ट्रीय’ हा एकच शब्द घ्या, ‘ष्ट्री’ मध्ये काय काय कोंबलंय ते बघा. ८×८ च्या खणात हे कुठलं मावायला? म्हणून तर पुण्याच्या सी-डॅकने भारतीय लिप्यांसाठी पीसीत बसवायचं ‘जिस्ट’ कार्ड काढलं होतं. पंचकार्डाच्या ८० खान्यांवरून आणि १६ केबीवरून जे माप ठरलं त्यात आपली लिपी कोणाच्या गणतीतच नव्हती. पुढे युनिकोड आलं, फॉन्ट आले, तरी इंचाला १०० पिक्सेलवर बारीक देवनागरी वाचताना ‘ध’ आणि ‘घ’ मध्ये डोळे बारीक करावेच लागतात. इंग्रजी मजकूर ज्या आकारात आरामात वाचता येतो त्याच आकारातला मराठी मजकूर त्रास देतो. हा दोष लिपीचाही नाही, डोळ्यांचाही नाही. फोनवर मराठी वाचायला एवढं सुखाचं वाटतं त्याचं मोठं कारण हेच आहे की तिथे ठिपके पुरेसे आहेत.

तेव्हा माझ्यापुरता निष्कर्ष असा. पिक्सेलवर खर्च करायचा तर जो पडदा नाकाजवळ आहे त्याच्यावर करावा, जो भिंतीवर आहे त्याच्यावर नंतर. स्वस्त म्हणून अजूनही १३६६×७६८ चा लॅपटॉप कोणी गळ्यात मारत असेल, विशेषतः घरातल्या शिकणाऱ्या पोरासाठी, तर नको म्हणा. ५९.९४ ची काळजी सोडा. कामाला ६० ठेवा. अमेरिकन ५९.९४ चा व्हिडिओ ६० वर बघितला तर साधारण दर सतरा सेकंदांनी एक चित्र दोनदा दिसतं, एवढाच फरक.

आणि टीव्ही घ्यायला निघालात तर दुकानात जाण्याआधी शिंप्याची टेप काढून सोफ्यापासून भिंतीपर्यंतचं अंतर मोजा. खोक्यावरच्या सगळ्या आकड्यांत तेवढा एकच आकडा छापलेला नसतो.